चौथ्या मजल्यावरचा दाब

काटेसाहेबांच्या बाथरूममधली बादली भरायला बावीस मिनिटं लागत. हा आकडा कुणी हवेत फेकलेला नव्हता. काटेसाहेबांनी स्वतः लागोपाठ तीन दिवस नळासमोर स्टूल टाकून, हातात घड्याळ धरून तो काढला होता, आणि तिन्ही दिवसांची सरासरी कोऱ्या वहीत लिहून खाली तारखेसकट सही ठोकली होती. बायको सात वर्षं ‘पाणी येत नाही हो’ म्हणून कानीकपाळी ओरडत होती, तेव्हा त्यांना त्यात विशेष तथ्य वाटलं नव्हतं. सरासरी निघाल्यावर वाटलं. काही माणसं अशी असतात. घर पेटलं तरी आधी थर्मामीटर शोधतात. शॉवर तर त्या घरात फक्त शोभेला होता.

काटेसाहेब दाबमापकं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरीला होते. बॉयलर असो, गॅसचं सिलिंडर असो, नाहीतर चाकात हवा भरायचं मशीन असो, त्याच्यावर एक गोल डबी आणि डबीत एक काटा असतो. तो काटा खरं बोलतो की खोटं, हे ठरवायचं काम अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. म्हणून ऑफिसात, इमारतीत, अगदी सासुरवाडीलाही ते काटेसाहेब झाले. हुद्दा म्हणाल तर बेताचाच. हाताखाली म्हणावं असं एक टेबल, आणि त्याचाही एक पाय तोकडा. पण काट्यानं दाखवलं त्याच्यापेक्षा एक रेघ इकडची तिकडे त्यांनी उभ्या आयुष्यात लिहिली नव्हती, आणि याचा अभिमान असा की तो मोजायची डबी अजून निघायची आहे.

‘प्रेशर’ हा शब्द लोक वाटेल तिथे वापरतात याचा त्यांना मनस्वी संताप होता. शेजारच्या टेबलावरचा कारकून ‘आज कामाचं फार प्रेशर आहे’ म्हणाला, की हे मान वर न करता विचारत, ‘किती?’

‘किती म्हणजे?’

‘आकडा सांगा. आणि एकक काय?’

ऑफिसचे डेप्युटीसाहेब ‘वरून प्रेशर येतंय’ म्हणाले, की यांच्या मनात पहिला प्रश्न, नेमक्या किती उंचीवरून? मेहुणीचा मुलगा परीक्षेच्या प्रेशरनं अंथरुणाला खिळला, तेव्हा हे भेटायला गेले आणि त्याच्या उशाशी बसून त्याला बळ भागिले क्षेत्रफळ समजावून आले. मुलगा दुसऱ्या दिवशी उठून कॉलेजला गेला. घरी थांबलं तर काका पुन्हा येतील, अशी त्याला धास्ती पडली होती.

तर अशा या गृहस्थांना एका सकाळी त्यांच्या पत्नीनं चहाचा कप पुढे ठेवता ठेवता नोटीस दिली. इमारतीत सगळे तिला वहिनी म्हणत, आपणही वहिनीच म्हणू.

‘दादाच्या इमारतीत तळमजल्याची जागा रिकामी आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुम्ही घेणार असाल तर दुसऱ्या कुणाला देत नाही म्हणतो. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय.’

दादा म्हणजे वहिनींचा थोरला भाऊ, काटेसाहेबांचा मेहुणा. राहायला त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. भेटला की पाठीवर थाप मारून ‘काय काटेसाहेब, काटा कुठं अडकलाय?’ असं विचारायचा आणि स्वतःच हसायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, विनोद तोच.

‘म्हणजे वर मेहुणा आणि खाली मी?’ काटेसाहेबांनी कप खाली ठेवला.

‘खाली पाणी आहे.’

‘अगं, पण उरलेला जन्म त्याच्या पायाखाली काढायचा?’

‘मी सात वर्षं पहाटे पाचला उठून पिंपं भरतेय,’ वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. ‘उजवा खांदा गेला माझा. डोक्यावरून धो धो पाणी घेऊन आंघोळ कशी करतात ते विसरले मी. महिनाअखेरीपर्यंत वर पाणी आणा, नाहीतर मी सामान बांधते. तुम्ही राहा खुशाल तुमच्या काट्याबरोबर.’

महिनाअखेर वीस दिवसांवर होती. दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ प्लंबर बोलावला असता. पण न मोजता इलाज करणं काटेसाहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ऑफिसातलं एक दाबमापक, म्हणजे गेज, घरी आणायचं ठरवलं, तेही रीतसर, गेटपास काढून.

गेटपासच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय छापलेले होते: दुरुस्ती, तपासणी, भंगार. काटेसाहेबांनी तिन्ही खोडून वर लिहिलं, ‘घरच्या नळाचा दाब पाहणे’. स्टोअरकीपरनं फॉर्म परत केला. यांनी पुन्हा तेच लिहिलं. त्यानं पुन्हा परत केला.

‘अहो काटेसाहेब, तपासणी लिहा आणि मोकळे व्हा की!’

‘ही सरकारी तपासणी नाही.’

‘मग डब्याच्या पिशवीत घालून न्या. सगळे तसंच नेतात. मागच्या महिन्यात एकानं अख्खी शिडी नेली.’

‘डब्याच्या पिशवीत?’

‘ते मी विचारलं नाही,’ स्टोअरकीपर म्हणाला.

या सत्याग्रहात सहा दिवस गेले. सातव्या दिवशी डेप्युटीसाहेबांनी वैतागून सही केली. ‘इथं मला वरून एवढं प्रेशर आहे आणि तुम्ही नळ काय घेऊन बसलात?’ असं ते म्हणाले. काटेसाहेबांच्या अगदी ओठावर ‘किती?’ आलं होतं. पण सही वाळली नव्हती म्हणून त्यांनी ते गिळलं.

रविवारी सकाळी गेज नळाला बसवायचा समारंभ झाला. समारंभच म्हणायचा, कारण बातमी खालपर्यंत गेली होती. इमारतीत खाली दुकानं आणि वर चार मजल्यांवर चार बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले आले, ते सोसायटीचे सेक्रेटरी. तिसऱ्यावरचे कंपाउंडरकाका रक्तदाब मोजायचं यंत्र बगलेत मारून आले. ते यंत्र घेतल्याशिवाय ते दूध आणायलाही जात नसत. तीन पाहुणे, एक यजमान आणि एक नळ, एवढे सगळे चार फूट बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये मावेनात, म्हणून विमावाले कमोडच्या झाकणावर उभे राहिले.

काटेसाहेबांनी नळाच्या तोंडाला गेज घट्ट फिरवून बसवलं, मग नळ पूर्ण सोडला. काटा थरथरला, वर चढला आणि एका रेघेवर येऊन थांबला. काटेसाहेबांनी इमारतीचा नकाशा उघडला, टाकीची उंची काढली, कागदावर भागाकार केला. आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू मुलगाच बोर्डात आलाय.

‘बरोब्बर!’ ते ओरडले. ‘टाकी जेवढी उंच, तेवढाच दाब. एक रेघसुद्धा कमी नाही. अगं ए, ऐकलंस का? आपल्या दाबात काही दोष नाही!’

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी विचारलं, ‘मग बादली बावीस मिनिटं का घेते?’

‘बादलीचं मी काही म्हणत नाही. दाब बरोबर आहे.’

‘छान झालं,’ वहिनी म्हणाल्या. ‘उद्यापासून काट्यानंच अंग पुसा.’

पाहुण्यांनी मग सल्ले द्यायला घेतले. फुकटच्या सल्ल्याचा दाब कुठल्याही मजल्यावर कमी पडत नाही. हेडमास्तर म्हणाले, त्यांच्या लहानपणी लोक तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत आणि नव्वद वर्षं जगत. हेडमास्तरांच्या घरी तीन नळ, दोन शॉवर आणि गॅलरीत फुलझाडांसाठी एक कारंजं होतं. विमावाले म्हणाले, पंप बसवा, पण त्याला चारही बिऱ्हाडांची लेखी संमती लागेल, आणि ती मिळणार नाही, कारण ते स्वतः देणार नाहीत. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे,’ असं त्यांनी कमोडवरून उतरताना सांगितलं. कंपाउंडरकाका म्हणाले, ‘आता आलोच आहे तर पट्टा बांधू का?’ आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी काटेसाहेबांच्या दंडाला पट्टा बांधलाही.

‘एकशे चाळीस, नव्वद. प्रेशर वाढलंय साहेब.’

‘तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं?’

‘यंत्र?’ कंपाउंडरकाका दुखावले. ‘तीस वर्षं वापरतोय. यंत्र कशाला तपासायचं? तपासायचं पेशंटला!’

त्यानंतर दोन दिवस ते जिन्यात भेटले तरी बोलत नव्हते.

सोमवारी काटेसाहेब ऑफिसला गेल्यावर वहिनींनी कुणाला न विचारता प्लंबर बोलावला. प्लंबर दहावी नापास होता, म्हणून त्याला बळ भागिले क्षेत्रफळ ठाऊक नव्हतं. त्यानं नळाला लटकलेलं ते गेज पाहिलं आणि विचारलं, ‘हे कुणी लावलं?’

‘साहेबांनी. म्हणतात दाब पूर्ण आहे.’

‘वहिनी, नळाच्या तोंडाला बूच मारून मोजला तर पूर्णच येणार. पळणाऱ्याला खांबाला बांधून त्याची धाव मोजता येते का? पाणी सोडून बघा, मग कळतं. कुठंतरी वाट अडलीय. गच्चीवर जाऊन येतो.’

तो गच्चीवर गेला, तिथून त्यानं सेक्रेटरी म्हणून विमावाल्यांना हाक मारून वर बोलावलं, आणि दोघं मिळूनच खाली आले. दोघांचेही चेहरे पडले होते.

अकरा वाजता काटेसाहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला.

‘अहो, सापडलं!’ वहिनी म्हणाल्या. ‘टाकीजवळ आपल्या लाइनचा वॉल्व्ह आहे ना, तो अर्ध्याहून जास्त बंद आहे. पण त्याला सरकारी सील ठोकलंय. तार आणि शिशाची गोळी. प्लंबर म्हणतो, सरकारी सील तोडलं तर मला आत टाकतील, मी हात लावणार नाही. सेक्रेटरी पण घाबरलेत.’

‘सरकारी सील? आपल्या गच्चीवर? कुणाचं?’

‘ते काय माहीत. त्या गोळीवर आकडा आहे. सत्तेचाळीस.’

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. काटेसाहेबांच्या कार्यालयात गेज तपासून झालं की त्याचा स्क्रू कुणी फिरवू नये म्हणून तारेनं बांधतात, तारेवर शिशाची गोळी दाबतात आणि गोळीवर तपासणाऱ्याचा नंबर उमटतो. त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःची वेगळी पक्कड असते. सत्तेचाळीस नंबरची पक्कड या क्षणी काटेसाहेबांच्या खणात, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

‘काय हो? गप्प का झालात?’

‘बघतो,’ काटेसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सात वर्षांपूर्वी एक उन्हाळा फार कडक गेला होता. पाणी एक दिवसाआड यायचं, टाकी दुपारीच तळ गाठायची. त्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी काटेसाहेब होते. त्यांनी हिशेब करून चारही मजल्यांचे वॉल्व्ह ठरावीक मापानं बंद केले आणि लोक गुपचूप उघडतील म्हणून ऑफिसची पक्कड घरी आणून चौघांनाही सील ठोकलं. सुरुवात स्वतःच्या मजल्यापासून केली. तेव्हा छोटंसं भाषणही केलं होतं, ‘शिस्त ही घरापासून सुरू होते.’ टाळ्या पडल्या होत्या. वहिनी तेव्हा माहेरी होत्या. पुढे पाऊस झाला, टाकी भरली, सेक्रेटरीपद गेलं, आणि काटेसाहेब ते साफ विसरून गेले; टाळ्या वाजवणारे तर त्याआधीच विसरले होते. गच्चीवर त्यांचं कामच काय? कपडे वाळत घालायला वहिनी जायच्या, आणि त्या बिचाऱ्या पाइपांकडे कशाला बघतील?

संध्याकाळी ते ऑफिसच्या कपड्यांतच थेट गच्चीवर गेले. टाकीखाली चार वॉल्व्ह ओळीनं बसवलेले होते. हेडमास्तरांच्या वॉल्व्हला तारेचा नुसता तुकडा लोंबत होता, तोही इतका गंजलेला की सील पहिल्याच आठवड्यात तुटलं असावं. विमावाल्यांच्या वॉल्व्हची तार कुणीतरी सफाईनं कापून पुन्हा दिसायला नीट गुंडाळून ठेवली होती. कंपाउंडरकाकांनी तर अख्खा वॉल्व्हच नवा बसवला होता. आणि चौथं सील सात उन्हाळे, सात पावसाळे खाऊन जसंच्या तसं. आकडा वाचायला चष्मासुद्धा लागत नव्हता. काटेसाहेबांची शिस्त या इमारतीत एकाच घरानं पाळली होती, आणि त्या घरातल्या बाईला कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते तिथेच टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसले. वहिनींचा तो खांदा, रोज पहाटे पिंपात पडणारी ती बारीक धार, सगळं त्यांच्याच सहीनिशी चाललेलं होतं.

बरं, मग तोडावं की नाही सील? तुम्ही-आम्ही तोडून मोकळे झालो असतो. पण नियम असा, की सील फोडायचं तर दोन पंच हवेत, पंचनामा हवा, आणि रजिस्टरमध्ये नोंद हवी. नोंद फोडल्याची करायची तर आधी ठोकल्याची हवी, आणि ती नव्हतीच, कारण पक्कड घरी आणली तीच मुळात चोरून. होय, चोरून! गेटपाससाठी सहा दिवस लढणाऱ्या माणसानं सात वर्षांपूर्वी ती डब्याच्या पिशवीतून आणली होती. आदर्शवादाच्या भरात माणूस काय काय करून जातो. काटेसाहेब सील न तोडता खाली आले आणि जेवले नाहीत.

तोवर खाली हेडमास्तरांनी अर्ज लिहून टाकला होता. त्यात ‘अज्ञात अधिकाऱ्याची मनमानी’, ‘एका निष्पाप कुटुंबाच्या घशाला कोरड’ आणि ‘हीच का ती सुव्यवस्था?’ अशी वाक्यं होती. चौथ्या मजल्याच्या पाण्यासाठी स्वतःचं कारंजं पाच मिनिटं बंद न करणारा हा माणूस त्याच पाण्यासाठी चार पानं लिहू शकत होता. हेडमास्तरांचा एक जुना विद्यार्थी वरच्या कार्यालयात मोठ्या जागेवर होता. त्यामुळे जो अर्ज एरवी दीड वर्ष फिरला असता तो तिसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेबांकडे पोचला आणि त्यांनी तो काटेसाहेबांच्या टेबलावर आपटला.

‘तुमच्याच इमारतीचं प्रकरण आहे, तुम्हीच चौकशी करा. कोण हा सत्तेचाळीस नंबरवाला दीडशहाणा, ते शोधून काढा. सोमवारी अहवाल पाहिजे. वरून फार प्रेशर आहे.’

या वेळी काटेसाहेबांनी ‘किती?’ विचारलं नाही. त्यांना ते छातीच्या डाव्या बाजूला नीट जाणवत होतं.

पुढचे तीन दिवस त्यांचे कसे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक. महिनाअखेर सोमवारीच होती. वहिनींनी कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती. मेहुण्याचा फोन आला तर या आत जाऊन बोलायच्या. कंपाउंडरकाका रुसवा सोडून पट्टा घेऊन आले आणि ‘एकशे साठ, शंभर’ म्हणाले. काटेसाहेबांनी यंत्राबद्दल एक अक्षर काढलं नाही. कंपाउंडरकाका घाबरले आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगू लागले की साहेबांचं काही खरं नाही, मुकाट्यानं पट्टा बांधून घेतला.

रविवारी सकाळी वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. गॅसवर कुकर होता. काटेसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले, परत गेले, पुन्हा आले.

‘काय हवंय?’

‘ते सील माझं आहे.’

वहिनींनी मान वळवली. काटेसाहेबांनी मग सगळं सांगितलं. उन्हाळा, चार वॉल्व्ह, पक्कड, भाषण. काही लपवलं नाही. खालच्या तिघांनी आपापली सीलं कधीच तोडली, हेही सांगितलं.

‘म्हणजे मी सात वर्षं,’ वहिनी सावकाश म्हणाल्या, ‘तुमच्या भाषणापायी पिंपं भरली?’

‘मी विसरलो गं. खरंच विसरलो. चूक झाली माझी.’

कुकरची शिट्टी झाली. वहिनींनी गॅस बंद केला, खिळ्यावरची सांडशी काढली आणि त्या चालू लागल्या. कुकर उतरवायला नव्हे, दाराबाहेर, जिन्याकडे.

‘अगं, कुठं निघालीस? अगं, थांब! असं नाही करता येत!’ काटेसाहेब बनियनवर मागे धावले. ‘पंच लागतात! दोन पंच!’

‘एक मी आणि एक सांडशी,’ वहिनी वरून म्हणाल्या.

काटेसाहेब धापा टाकत गच्चीवर पोचले, तेव्हा वहिनींनी तार सांडशीत पकडली होती. एक पीळ दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्याला हिसडा. शिशाची गोळी टप्‌ करून खाली पडली आणि घरंगळत मोरीत गेली. मग वहिनींनी डाव्या हातानं वॉल्व्हचं चाक धरलं. ते हलेना. मग काटेसाहेब पुढे झाले आणि त्यांनीही चाकाला हात घातला. चाक कुरकुरलं आणि फिरलं. पाइपात आतून असा काही आवाज झाला की दोघांनीही दचकून हात काढले.

‘दादाला फोन करून नाही सांग,’ काटेसाहेब म्हणाले. ‘आता तरी जायला नको ना?’

वहिनी पदरानं सांडशी पुसत होत्या. ‘दादानं ती जागा गेल्या वर्षीच विकली,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘आणि नसती विकली तरी मी गेले असते होय तिथं? दादाची बायको साखरेचे चमचे मोजते. सात वर्षं नीट सांगून बघितलं, तुम्ही हललात? जरा रेटा दिला, तर वीस दिवसांत काम झालं.’

एवढं बोलून त्या खाली गेल्या आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. आतून शॉवरचा आवाज येऊ लागला. तासभर तो थांबला नाही. मध्येच वहिनी आत मोठ्यानं हसल्या, मग रडल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा हसल्या. काटेसाहेब दाराबाहेर स्टुलावर बसून होते. घड्याळ हातात होतं, पण त्यांनी वेळ बघितली नाही. खालून हेडमास्तर ओरडून विचारत होते की आमचं कारंजं का बसलं.

सोमवारी सकाळी काटेसाहेबांनी अहवालाचा छापील फॉर्म पुढे ओढला. सील क्रमांक: सत्तेचाळीस. सील करणारा कर्मचारी: मी स्वतः. परवानगी: घेतली नव्हती. हे सगळं त्यांनी घोटीव अक्षरात, न थांबता लिहिलं. सीलची सध्याची स्थिती: तुटलेले. तुटण्याचे कारण: इथं मात्र त्यांचं पेन थांबलं. सरकारी सील जाणूनबुजून तोडणाऱ्यावर काय कारवाई होते ते त्या फॉर्मच्या मागेच छापलेलं होतं, आणि तोडणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायला खाली दोन ओळी सोडलेल्या होत्या. पाऊण तासानं त्यांनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि फॉर्म डेप्युटीसाहेबांपुढे नेऊन ठेवला.

डेप्युटीसाहेबांनी दोनदा वाचला. ‘म्हणजे चौकशी करणारे तुम्ही, आणि सापडलात तेही तुम्हीच?’

‘हो साहेब.’

‘तुम्हाला मेमो द्यावा लागेल. अठ्ठावीस वर्षांत पहिला.’

‘द्या साहेब.’

साहेबांचं बोट शेवटच्या रकान्यावर येऊन थांबलं. ‘आणि हे काय? तुटण्याचे कारण, झीज? काटेसाहेब, अहो, तुम्ही लिहिताय हे? शिसं सात वर्षांत झिजून तुटतं?’

काटेसाहेबांनी प्रथमच साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

‘सात वर्षांत बायको झिजते साहेब, शिशाचं काय घेऊन बसलात!’

डेप्युटीसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, फॉर्मवर ‘मान्य’ लिहिलं आणि सही केली. मग फोन उचलून घरचा नंबर लावला आणि काटेसाहेबांना हातानंच बाहेर जायची खूण केली.